तोफताईंचा बटणांचा फोन

मित्रांनो, तुमच्या हातातला फोन काचेचा आहे. नुसते बोट फिरवले की तो ऐकतो. मी तसा नाही. मी जुन्या घडणीचा फोन आहे. माझ्या वरच्या अर्ध्या भागात छोटा पडदा आहे आणि खालच्या अर्ध्या भागात अक्षरांची बटणे दाटीवाटीने बसलेली आहेत. मला दाबावे लागते, तेव्हा कुठे मी ऐकतो. आज माझ्या बऱ्याच बटणांवरची अक्षरे पुसून गेली आहेत. ती कुणाच्या अंगठ्यांनी पुसली, हे तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे यंत्राचे एक लोखंडी बोट माझे प्रत्येक बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहत होते. मी कुरकुरलो नाही, म्हणून पास झालो. माझ्या खोक्यावर टाय लावलेल्या साहेबांचे चित्र होते. त्यामुळे मला वाटले, आपण आता मोठमोठ्या बैठकांना जाणार आणि गुळगुळीत टेबलांवर ऐटीत पडून राहणार. प्रत्यक्षात माझी रवानगी झाली एका अरुंद दुकानात, तीही कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर. खोक्यातून काढून मला नमुना म्हणून मांडले होते. गिऱ्हाइके वाकून मला बघत, "अरे, हे अजून मिळतं?" असे म्हणत आणि वरच्या फळीवरचा मोठा फोन घेऊन जात.

एके दिवशी सकाळी एक उंच, धिप्पाड बाई दुकानात आल्या. त्यांच्या गळ्याभोवती पातळ सुती रुमाल होता आणि हातात एक छोटी पांढरी पाटी होती. सोबत त्यांचा धाकटा भाऊ होता.

"ताईच्या घशाचं ऑपरेशन झालंय," भाऊ दुकानदाराला म्हणाला. "स्वरयंत्र काढावं लागलं. बोलता येत नाही. तिला लिहायला चांगला फोन दाखवा."

पुढे मला त्यांची सगळी हकीकत कळली. या बाई एका कोल्ड स्टोरेजमध्ये गाड्यांच्या सुपरवायझर होत्या. माल चढवायला ट्रक जिथे पाठमोरे लागतात, त्या उंच ओट्यावर उभे राहून त्यांनी हाक मारली, की आवाराच्या टोकाला डुलक्या घेणारा ड्रायव्हरसुद्धा ताडकन उठून बसे. म्हणून सगळे त्यांना तोफताई म्हणत. ऑपरेशननंतर मालक त्यांना म्हणाले होते, "ताई, आता तुम्ही आत बसून कागदपत्रं बघा. ओट्यावर आवाज लागतो." ताईंनी पाटीवर लिहिले होते, 'महिनाभर ओटा माझ्याकडे ठेवा. नाही जमलं, तर मीच आत येऊन बसेन.'

आता त्या महिन्यासाठी त्या फोन निवडायला आल्या होत्या.

दुकानदाराने वरच्या फळीवरचे चकचकीत फोन काढले. कॅमेऱ्याचे कौतुक सुरू केले. ताईंनी शांतपणे पिशवीतून जाड हातमोजे काढले आणि हातात चढवले. कोल्ड स्टोरेजमध्ये ते घालावेच लागतात. मग त्या एकेका काचेच्या फोनवर लिहू लागल्या. काही फोन ढिम्म हलले नाहीत. एकाने नको ते उमटवले. भाऊ म्हणाला, "ताई, मोजे काढून लिही ना!" ताईंनी त्याच्याकडे असे पाहिले, की तो आपणहून दोन पावले मागे सरकला.

मग त्यांची नजर खाली वळली. माझ्याकडे.

"ताई, ते बटणवालं नको. जुनाट झालं ते," भाऊ म्हणाला.

तोपर्यंत मी त्यांच्या हातात होतो. मित्रांनो, इतके दिवस मला सगळ्यांनी नुसते चाळा म्हणून दाबले होते. हे दाबणे वेगळे होते. अंगठे जाड मोज्यांतले, पण बटणांच्या कडा चाचपत बरोबर जागेवर पडत होते. आणि ताई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या दुकानदाराच्या तोंडाकडे बघत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी मला त्याच्यापुढे धरले. 'दादा, तुमच्याकडे बघत बघत हे लिहिलं. मी बोलू शकत नाही, निदान समोरच्याचं तोंड तरी मला दिसायला हवं. आता सांगा, थंडीत याची बॅटरी किती टिकते?'

"थंडीत?" दुकानदार गोंधळला. "म्हणजे... टिकेल की!"

'टिकेल की' हे उत्तर ताईंना पुरले नाही. शेजारी आइस्क्रीमचे दुकान होते. ताईंनी मला तिथे नेले आणि फ्रीजकडे बोट दाखवले. भावाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "ताई, लोक बघतायत गं!" पण मी फ्रीजमध्ये गेलोच. तिथल्या अंधारात, डब्यांच्या मधे, मी मनाशी ठरवले की काही झाले तरी विझायचे नाही. मला बाहेर काढले, तेव्हा पडदा धुक्याने भरला होता. ताईंनी तो पुसून पाहिला. मी चालू होतो.

दुकानदार खोक्यातला नवा फोन आणायला वळला. ताईंनी त्याला थांबवले आणि माझ्यावरच लिहिले, 'हाच द्या. याची परीक्षा झालीय.'

असा मी नोकरीला लागलो. बैठका नाहीत, गुळगुळीत टेबले नाहीत. ओला ओटा, डिझेलचा धूर, आणि आतल्या कोठीचे जाड दार उघडले की अंगावर येणारी पांढरी वाफ.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. ताई लिहायला लागल्या, की लोकांना धीर धरवत नसे. "कळलं, कळलं, तीन नंबरला लावतो!" म्हणत ड्रायव्हर निघून जात आणि ट्रक भलतीकडेच लावत. त्यांच्यात एक बडबड्या होता. तो ताईंचे प्रत्येक वाक्य स्वतःच पुरे करायचा आणि दर वेळी चुकायचा. माझ्यात लिहिलेले वाचून दाखवायची सोय होती. ताईंनी ती एकदा वापरून पाहिली. माझ्यातून यंत्राचा सपाट आवाज निघाला, "गाडी मागे घ्या." बडबड्या पोट धरून हसला. ताईंनी ती सोय बंद केली. 'हा आवाज माझा नाही,' त्यांनी घरी भावाला लिहून दाखवले. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. खिडकीशी बसून नुसती माझी बटणे चाचपत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी तजवीज केली. सगळ्या ड्रायव्हरांचा आणि हमालांचा एक ग्रुप काढला. माझे एकेक बटण दाबून धरले की एकेक पुरे वाक्य उमटेल, असे मला शिकवले. एकावर 'गाडी मागे घ्या', एकावर 'दार लावा, गारवा चाललाय', तर एकावर 'पूर्ण वाचा, मग हला'. हे शेवटचे बटण सर्वांत आधी झिजले. बडबड्याने न वाचता ट्रक हलवला, की ताई त्याच्या ट्रकपुढे जाऊन उभ्या राहत आणि तो वाचेपर्यंत हटत नसत. हळूहळू तो वाचायला लागला. मग तोच इतरांना ओरडू लागला, "अरे, आधी वाचा की! ताईंनी काय लिहिलंय ते बघा!"

महिना संपत आला होता. मालक रोज खिडकीतून ओट्याकडे बघत.

त्याच दिवसांत एका दुपारी ती घटना घडली. कोठ्या थंड ठेवायला तिथे अमोनिया वापरतात. त्या वायूचे नळ मागच्या भिंतीवरून जात. ताई आतल्या बोळातून मागच्या दाराकडे निघाल्या होत्या. ऑपरेशननंतर त्यांचा श्वास नाकातून नव्हे, तर गळ्याला केलेल्या छिद्रातून चालायचा, म्हणून त्यांना वास येत नसे. दुसऱ्या कुणालाही दुरूनच झोंबला असता असा वास त्यांना कळलाच नाही. एकदम डोळ्यांत तिखट गेल्यासारखे झाले आणि खोकल्याची उबळ आली. मागच्या दाराजवळचा नळ फुटला होता.

आतल्या कोठीत बडबड्या आणि काही हमाल माल मोजत होते. यंत्रांच्या घरघरीत त्यांना काहीच कळणार नव्हते. भोंगा होता, पण फाटकावर पहारेकरी मामांजवळ. आणि भोंगा वाजला, की सगळे सवयीने जवळच्या मागच्या दाराकडेच धावणार. म्हणजे थेट वायूच्या तोंडाशी.

पूर्वीच्या ताई असत्या, तर एका हाकेत काम झाले असते. आता त्यांनी शेजारच्या पाण्याच्या नळाखाली रुमाल भिजवून गळ्यावर दाबून धरला. डोळे उघडेनात. उरलेल्या एका हातात मी होतो. मोज्यातला अंगठा माझ्या बटणांवरून चालू लागला. कडा चाचपत, जागा ओळखत, एकेक अक्षर. मीही जीव एकवटून प्रत्येक दाब झेलला.

'अमोनया फुटला मामा भोंगा मगचं दर नको सगळे पुढच्य दराने'

संदेश गेला. ताई भिंतीला धरून कोठीच्या दाराशी पोचल्या आणि माझ्या पाठीने दारावर ठोकत राहिल्या. माझा एक कोपरा उडाला तो तिथेच. तेवढ्यात भोंगा वाजला आणि पाठोपाठ मामांचा घाबरा आवाज कर्ण्यावरून आला, "तोफताई सांगतायत! मागचं दार नको! पुढच्या दाराने बाहेर या! तोफताई सांगतायत!"

दार उघडले. बडबड्याने बाहेर येताच ताईंचा दंड धरला. त्या त्याला मागे वळवून बोटांनी विचारू लागल्या, आत कुणी राहिलंय का? "कुणी नाही ताई, सगळे आले, चला!" तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याने ताईंचे वाक्य बरोबर ओळखले होते.

सगळे वाचले. काहींना दवाखान्यात न्यावे लागले, ताईंनाही. दवाखान्यात मालक भेटायला आले. कॉटजवळ उभे राहून म्हणाले, "ताई, ओटा तुमचाच."

ताईंच्या डोळ्यांवर पट्टी होती. त्यांनी चाचपून मला उशीजवळून घेतले आणि लिहिले, 'ओट्याचं नंतर. नळ कधी बदलता ते सांगा. आणि वायू कळवणारं यंत्र बसेपर्यंत मी कुणाला आत पाठवणार नाही.'

मालकांनी आधी पुढच्या हंगामाचे नाव काढले. पण बऱ्या होऊन कामावर आल्यावर ताई कोठीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. हमाल त्यांच्या मागे उभे राहिले. नळ बदलले गेले आणि यंत्रही बसले.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षे ओट्यावर काम केले. मला कौतुक मिळाले, धक्के मिळाले, एकदा मी बर्फाच्या पाण्यात पडलो आणि सुकून परत उठलो. दरम्यान ताई आवाज शिकवणाऱ्या बाईंकडे जाऊ लागल्या. स्वरयंत्राशिवाय अन्ननलिकेतून आवाज काढायचा असतो. ते फार कष्टाचे असते. कितीतरी दिवस नुसती ढेकर निघे आणि ताई वैतागून मला टेबलावर आपटत. एका सकाळी खरबरीत, खोल आवाजात एक शब्द निघाला, "गाडी." भाऊ स्वयंपाकघरातून धावत आला. बहीणभाऊ एकमेकांकडे बघून इतके हसले, की दोघांचेही डोळे भरून आले. मला आनंद झाला. थोडी धडकीही भरली, खोटे कशाला सांगू?

आणि झालेही तसेच. ताई बोलू लागल्या. माझे ग्रुप चालेनासे झाले, कारण माझ्यासारख्या जुन्या फोनला नवे काही पेलत नाही. भावाने त्यांना काचेचा फोन आणून दिला. मी कपाटाच्या खणात गेलो, सुटे सेल आणि दोऱ्याच्या रिळांमध्ये. बॅटरी संपली. किती काळ गेला, ते मला माहीत नाही.

मग एकदा खण उघडला. ताईंनी मला स्वच्छ पुसले, माझी बॅटरी बदलून आणली आणि पिशवीत टाकले. आता त्या दर आठवड्याला आवाज शिकवणाऱ्या बाईंच्या वर्गात जातात, नव्याने आवाज गेलेल्यांना भेटायला. आज तिथे एक बस कंडक्टर आले आहेत. ते भिंतीकडे तोंड करून बसले आहेत. बाई विचारतात ते त्यांना, पण उत्तर देते त्यांची बायको.

"यांचा घसा फार दुखतो हो. रात्रभर झोप नाही. म्हणूनच रुसून बसलेत."

ताईंनी मला कंडक्टरांच्या हातात दिले. त्यांच्या बोटांना सवय नाही. एक अक्षर शोधायला त्यांना केवढा वेळ लागतो!

"त्यांना म्हणायचंय की..." बायकोने सुरुवात केली.

ताईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "थांब, बाळ," त्या आपल्या खरबरीत आवाजात म्हणाल्या.

सगळे थांबले. कंडक्टरांनी मला बायकोपुढे धरले. 'घसा नाही. खांदा दुखतो. तू विचारलंच नाहीस.'

तिने ते वाचले आणि त्यांच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला. "हा? का हा?" त्यांनी मान हलवली. आवाजाच्या बाई उठून मागे गेल्या आणि खांदा तपासू लागल्या.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी जुनी वस्तू असेल, तर टाकण्याआधी एकदा विचार करा की ती आणखी कुणाच्या हातात शोभेल. आणि याहून मोठी विनंती अशी: तुमच्यासमोर कुणी लिहून, खुणा करून, अडखळत काही सांगत असेल, तर त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. त्याच्या तोंडाकडे बघा आणि वाट बघा.

कंडक्टर पुन्हा लिहू लागले आहेत. या वेळी वाक्य बरेच लांब दिसते आहे. बायकोने खुर्ची जवळ ओढून घेतली आहे. कुणालाही घाई नाही.