उशिरा येणारा ठोका

मित्रांनो, माझ्या अंगावरचा तुकतुकीत काळा रंग पाहून फसू नका. त्या काळ्याखाली तांबडा आहे, तांबड्याखाली हिरवा, आणि सगळ्यांत खाली माझं मूळचं पिवळट लाकूड. वयाने मी चांगला म्हातारा आहे. ड्रमच्या संचात जो सर्वांत मोठा असतो, जमिनीवर आडवा बसलेला असतो आणि ज्याला हातांनी नव्हे तर पायांनी वाजवतात, तो बास ड्रम मी.

लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून, गोल साच्यात दाबून मला घडवलं गेलं. मला घडवणारा कारागीर फार बोलायचा नाही. मी साच्यातून बाहेर आलो तेव्हा त्याने बोटाच्या पेराने माझ्या अंगावर टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, "हा घुमा आहे." माणसाला घुमा म्हटलं तर त्याला राग येतो. मला मात्र ती शाबासकी वाटली.

माझी पहिली नोकरी एका नाचघरात होती. तिथे संध्याकाळी जोडपी हळूहळू गिरक्या घ्यायची आणि एक वयस्कर वादक मला असा हलकेच वाजवायचा, जशी झोपलेल्या बाळावर कोणी चादर ओढावी. पुढे नाचघराचे दिवस फिरले. माणसं येईनाशी झाली. मला मागच्या कोठीत टाकलं आणि माझ्यावर रिकाम्या बाटल्यांच्या पेट्या रचल्या. किती ऋतू गेले ते अंधारात कळलं नाही.

मग त्या नाचघराचं दुकान करायचं ठरलं आणि भिंती रंगवायला एक तरुण रंगारी आला. त्याने पेट्या बाजूला केल्या, माझ्याकडे पाहिलं आणि बुटाच्या टोकाने एक ठोका दिला. मी इतक्या दिवसांनी बोललो, आणि कोठीतली धूळ उडाली. तो मालकाला म्हणाला, "हा मी नेऊ का?" मालक म्हणाला, "ने बाबा, अडगळ तरी कमी होईल."

त्या रंगाऱ्याला सगळे भिंगरी म्हणायचे. पायाला भिंगरी लागल्यासारखा तो सारखा हलायचा. जेवताना टेबलाखाली पाय नाचायचे, शिडीवर उभा राहून रंग देतानाही टाच ताल धरायची. त्याची थोरली बहीण चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची, त्यामुळे ओळखीचे लोक गमतीने म्हणायचे, "भिंगवालीच्या घरी भिंगरीच जन्मणार." मी तिला ताईच म्हणतो, कारण भिंगरी तिला ताई म्हणायचा.

ताई गिटार वाजवायची. तिची गिटार म्हणजे लाकूड कापणारी करवत होती. लिफ्ट दुरुस्त करणारा त्यांचा उंच मित्र लांब्या बास गिटार वाजवायचा. आणि गायला होते मास्तर. मास्तर दिवसभर बालवाडीत शिकवायचे. "बाळांनो, एकेकाने या, ढकलू नका," असं इतक्या मऊ आवाजात बोलणारा माणूस संध्याकाळी माइकसमोर उभा राहिला की अंगात वारं शिरल्यासारखा ओरडायचा. टायरच्या गोदामामागे एक खोली होती. तिच्या भिंतींना त्यांनी जुन्या गाद्या उभ्या ठोकल्या होत्या. तिथे रबराचा वास कायम भरलेला असायचा, आणि तिथेच आमचा बँड जन्माला आला.

सुरुवातीला आम्ही थ्रॅश वाजवायचो. थ्रॅश म्हणजे धाव. गिटार धावते, ड्रम धावतो आणि गाणारा त्यांच्या मागे ओरडत सुटतो. गाणी रागाची होती. लढायांवरचा राग, गरिबांची घरं पाडणाऱ्यांवरचा राग, आणि थोडा उगीचच आलेला राग, कारण ती सगळी तरुण होती. भिंगरीची आई एकदा घरी त्यांची ध्वनिफीत ऐकून म्हणाली होती, "हे गाणं आहे की खडी फोडायचं यंत्र?" भिंगरीला ते इतकं आवडलं, की त्याने पुढच्या गाण्याचं नावच 'खडी' ठेवलं.

एका हिवाळ्यात मास्तरांचा घसा बसला. सराव बुडवायचा नाही म्हणून ते पोटातून आवाज काढू लागले. तो आवाज एखाद्या पडक्या विहिरीतून यावा तसा खोल आणि खरखरीत होता. सगळे थांबून त्यांच्याकडे पाहत राहिले. लांब्या म्हणाला, "मास्तर, बरा होऊ नकोस." घसा बरा झाला, पण तो आवाज राहिला. ताईने गिटारच्या तारा सैल करून सूर खाली उतरवले. भिंगरीने मला दोन पेडलं जोडली, दोन्ही पायांसाठी. आमची गाणी आता मरणाविषयी बोलू लागली. या प्रकाराला डेथ मेटल म्हणतात, हे मला नंतर समजलं.

मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस होते. भिंगरीचे दोन पाय माझ्यावर असे पडायचे, की दोन ठोक्यांमधून वारासुद्धा जाणार नाही. डोंगरावरून दगड घरंगळत यावेत तसा मी बोलायचो. आम्ही गावोगाव गेलो. लोक भिंगरीच्या पायांकडे टक लावून पाहायचे. एकदा कार्यक्रमानंतर एक दांडगा माणूस माझ्याजवळ आला आणि हळूच तळहात ठेवून म्हणाला, "छातीत वाजत होतास रे." दर दौऱ्याआधी भिंगरी मला नवा रंग द्यायचा. ब्रश फिरवताना जीभ बाहेर काढायचा, शाळकरी मुलासारखी.

मग त्याच्या उजव्या पायाचा ठोका उशिरा येऊ लागला.

हे माणसांच्या आधी मला कळलं. उशीर केसाएवढाच होता. डावा पाय वेळेवर पडायचा आणि उजवा दारात जरा रेंगाळून आत यायचा. भिंगरीने बूट बदलले. पेडलला तेल दिलं. माझं कातडं घट्ट केलं, पुन्हा सैल केलं. एक दिवस तो अनवाणी वाजवायला बसला. मला त्याला सांगायचं होतं की दोष बुटात नाही, पेडलमध्ये नाही आणि माझ्यातही नाही. पण ड्रमला कोणी वाजवल्याशिवाय बोलता येत नाही.

नंतर तो कामावर शिडीच्या खालच्याच पायरीवरून पडला. लागलं नाही, पण ताई त्याला हट्टाने डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत येताना दोघं सरळ खोलीवरच आली. भिंगरी माझ्या मागच्या स्टुलावर बसला. ताई गादीच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

"नसांचा आजार आहे म्हणाले ना," भिंगरी म्हणाला, "म्हणजे पाय, मग हात, मग..."

"पुढचं आता नको," ताई म्हणाली.

"बाकीच्यांना सांगू नकोस. निदान इतक्यात नको."

ताईने मान हलवली. तिने कुणालाही सांगितलं नाही. फक्त पुढच्या सरावाला तिने एक नवीन गाणं आणलं. ते गाणं हळू होतं, बैलगाडी चढण चढते तेवढं हळू.

लांब्या म्हणाला, "काय गं, म्हातारी झालीस का?"

"वेगाचा कंटाळा आला मला," ताई म्हणाली.

मास्तरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि एकदा भिंगरीच्या पायाकडे. "बरं झालं," ते म्हणाले, "मलाही आताशा दम लागतो."

दोघंही खोटं बोलत होती. आणि त्या खोट्यातून आमचा नवा आवाज तयार झाला. आधी ठोक्यांची भिंत असायची, आता एकेक ठोका एकटा पडायचा आणि विरेपर्यंत सगळे त्याची वाट पाहायचे. मला स्वतःचा घुमारा ऐकू येऊ लागला. आधी तो माझ्याच गडबडीत बुडून जायचा.

ऐकणाऱ्यांना मात्र ते रुचलं नाही. मवाळ झाले, थकले, असं लोक म्हणू लागले. एका कार्यक्रमात कोणीतरी आमच्या बँडचं नाव असलेला सदरा अंगातून काढून मंचावर फेकला. तो माझ्या कडेला अडकला आणि गाणं संपेपर्यंत तिथेच लोंबकळत राहिला.

त्यानंतरचा कार्यक्रम मोठा होता. दोनच हळू गाणी झाली आणि लोक ओरडू लागले, "खडी! खडी वाजवा!" ताईने नकारार्थी मान हलवली. पण भिंगरीने दोन्ही काठ्या एकमेकींवर आपटून ताल दिला आणि सुरुवात केली. जुन्या वेगाने. क्षणभर मलाही वाटलं की तो बरा झाला. मग मध्येच त्याचा उजवा पाय थांबला. घसरला नाही, चुकला नाही, नुसता थांबला. त्याने खाली पाहिलं, जणू तो पाय दुसऱ्याच कोणाचा असावा.

ताई वळली. लोकांकडे पाठ करून ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि त्याच्या डाव्या पायावर नजर ठेवून, त्या एका पायाला झेपेल तेवढ्या वेगाने वाजवू लागली. लांब्या आणि मास्तर तिच्या मागोमाग आले. त्यांनी गाणं शेवटपर्यंत नेलं. बरेच लोक तोपर्यंत निघून गेले होते.

कार्यक्रम संपल्यावर सामान आवरताना भिंगरीने लांब्याला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"होतं."

"ताईने सांगितलं?"

"तिने कशाला सांगायला हवं? तुझ्या उजव्या बुटाचं टोक झिजलंय. पाय ओढत चालतोस तू."

"मास्तर, तुलाही?"

मास्तर माइकच्या तारा गुंडाळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "कंटाळा आला म्हणून कोणी इतकं सुंदर गाणं करत नाही रे," ते म्हणाले.

भिंगरी चिडला. मी त्याला इतक्या हळू आवाजात चिडलेलं कधी ऐकलं नव्हतं. "माझ्यापायी गाणी पांगळी करू नका. दुसरा कोणी तरी बघा."

"बघते," ताई म्हणाली. "आधी मला सांग, गाणी वाईट झालीयेत का?"

त्याने हातातल्या काठ्या पिशवीत घातल्या, पुन्हा बाहेर काढल्या. खोटं बोलायचा प्रयत्न करत असावा. शेवटी म्हणाला, "नाही."

"मग?"

"लोक जातील, ताई."

"जाऊ देत. तू राहा."

तो राहिला. पुढे डावा पायही गेला. भिंगरी चाकांच्या खुर्चीतून येऊ लागला आणि माझी दोन्ही पेडलं काढून फळीवर ठेवली गेली. लांब्या मला कोपऱ्यात सरकवायला आला तेव्हा भिंगरी म्हणाला, "त्याला हलवू नको. माझी पावलं फक्त त्याला टेकवून दे."

लांब्याने त्याचे मोजे काढले आणि दोन्ही तळपाय माझ्या कातड्याला लावून ठेवले. भिंगरी हातांनी छोटे ड्रम आणि झांजा वाजवायचा. मला कोणी वाजवत नव्हतं, पण बाकीच्यांच्या आवाजाने माझं कातडं थरथरायचं.

"तळपायांना मुंग्या येतात," तो ताईला म्हणाला. "छान वाटतं."

अशा तऱ्हेने मित्रांनो, ज्या बँडची सुरुवात माझ्या गडगडाटाने झाली, त्याची शेवटची ध्वनिफीत माझ्या आवाजाशिवाय तयार झाली. ती थोड्याच लोकांनी ऐकली. पण ज्यांनी ऐकली, ते ती पुन्हा पुन्हा ऐकतात असं मास्तर सांगायचे. मला तिचा राग नाही. तिच्यात कुठेतरी माझी थरथर आहेच.

मग हात गेले. मग श्वास. एका सकाळी खोलीचं कुलूप उघडलं आणि भिंगरीशिवाय सगळे आत आले. बरोबर आई होती. इतक्या वर्षांत ती कधी त्या खोलीत आली नव्हती. तिने गाद्या पाहिल्या, तारा पाहिल्या आणि माझ्यापाशी येऊन थांबली. माझ्या कातड्यावर त्याच्या तळपायांचे दोन मळकट ठसे उमटले होते.

"एवढा मोठा असतो होय," ती म्हणाली. "मला वाटायचं, लहानसा असेल."

ताईने फडकं घेतलं होतं, माझी धूळ पुसायला. आईने तिच्या हातातून ते काढून घेतलं आणि ठसे सोडून बाकी सगळं अंग पुसलं.

त्यानंतर खोली फार दिवस बंद होती. मग एकदा ताई, लांब्या आणि मास्तर एका बाईला घेऊन आले. ती दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची आणि उत्तम ड्रम वाजवायची. तिने फळीवरची पेडलं पुन्हा मला जोडली. तिचे पाय हलके आणि नेमके होते. खरं सांगतो, पहिल्या ठोक्याला मला आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

त्यांनी हळू गाण्यांपैकी एक घेतलं. सगळं नीट चाललं होतं. पण एका जागी ती बाई वेळेवर पोचली आणि तिघंही मागे राहिली. ती थांबली. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच तसं झालं.

"तुम्ही तिघं इथे जरा मागे पडता," ती म्हणाली.

लांब्या खिडकीकडे पाहू लागला.

बाईने तिघांकडे पाहिलं. मग जरा हळू आवाजात विचारलं, "चुकतंय, की ते तसंच आहे?"

"तसंच आहे," ताई म्हणाली.

"बरं," बाई म्हणाली. तिने गाणं परत पहिल्यापासून घेतलं. ती जागा आली तेव्हा तिने उजवा पाय उचलला, केसाएवढा वेळ धरून ठेवला आणि मग टाकला. चौघं बरोबर पोचली. मास्तर गात राहिले.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादं वाद्य असेल तर ते ओलीत ठेवू नका, वाजवायचं नसेल तेव्हा त्याचा ताण सैल करून ठेवा, त्याची धूळ पुसा. एवढं माझ्यासारख्यांना पुरतं. आणि तुमच्याबरोबर चालणारा कोणी मागे पडू लागला, तर त्याला हाक मारून घाई करू नका. त्याचं पाऊल पडेपर्यंत आपलं उचललेलं पाऊल जरा धरून ठेवा. तुमचं गाणं थोडं हळू होईल. होऊ द्या.