कमोडोरांच्या नांगराची शिकवणी

आमच्या बेटावर, जॉर्जटाउनच्या बंदरात हार्लन टटल यांना सगळे कमोडोर म्हणतात. ते कुठल्याही आरमारात नव्हते. ओहायोत त्यांचा फरश्यांचा धंदा होता. पण रोज सकाळी रेडिओवर हवामान तेच सांगतात, आणि ज्याच्या हाती हवामान, त्याच्या हाती बंदर.

थंडी पडली की फ्लोरिडाहून इथे शिडाच्या बोटी उतरतात. बहुतेकींवर एक निवृत्त नवरा, एक बायको आणि एक बेत. बेत सगळ्यांचा सारखाच: इथे थोडं टेकायचं, वारा बघायचा आणि दक्षिणेला पार ग्रेनाडापर्यंत जायचं. वारा बघता बघता एप्रिल उजाडतो आणि सगळे माघारी फ्लोरिडाला. गावकरी या बंदराला खुराडं म्हणतात. आम्हा बोटवाल्यांना ते ठाऊक आहे. आम्ही हसतो आणि दाणे टिपतो.

टटल मंडळींच्या बोटीचं नाव ‘वॉन्डरर’. दर थंडीत आम्ही त्यांना निरोपाची जेवणावळ देतो. शंखातल्या मांसाची भजी, रम, गळाभेटी. दुसऱ्या सकाळी रेडिओवर कमोडोर गंभीर आवाजात सांगतात, “आग्नेयेचा वारा थेट तोंडावर आहे. शहाणा माणूस थांबेल.” शहाणा माणूस थांबतो. निरोपाच्या भेटवस्तू परत मागायची पद्धत नसल्यामुळे वॉन्डररवर आता थर्मासचं दुकान टाकता येईल.

वर्नाने, म्हणजे कमोडोरांच्या बायकोने, बोटीसाठी घर विकताना आपला पियानोही देऊन टाकला होता. बदल्यात तिने एकच गोष्ट मागितली होती: ग्रेनाडाची जायफळाची बाग बघायची. तेव्हापासून तिने जायफळ पाहिलं ते डबीतलं, कुटलेलं.

यंदा किनाऱ्यावरच्या आपल्या भज्यांच्या टपरीत युलालीने तिला छेडलं. “काय गं वर्ना, निरोपाला किती घाणे काढू?”

“एकही नको. यंदा निरोपच नको.”

“का? जात नाहीयेस?”

“जायचंय म्हणून तर,” वर्ना म्हणाली. “गुडघ्यांनी नोटीस दिलीय, युलाली. पुढच्या थंडीत बोटीच्या शिडीवर चढेन की नाही कोण जाणे. यंदा नाही तर नाहीच.”

मी शेजारच्या बाकावर भजी खात होतो. ऐकलं नाही असं दाखवायला आणखी एक प्लेट मागवावी लागली.

त्याच आठवड्यात कमोडोरांची नांगराची शिकवणी होती. दर थंडीत नव्या मंडळींना ते किनाऱ्यावर झाडाखाली बसवतात आणि नांगर कसा टाकावा हे शिकवतात. तो कसा उचलावा हे शिकवायची वेळ अजून आलेली नाही. आदल्या दिवशी ढग दिसले म्हणून त्यांनी आपल्या बोटीची सगळी साखळी पाण्यात सोडली होती, अगदी शेवटच्या कडीपर्यंत. मग सकाळी रबरी होडीतून एकटेच किनाऱ्यावर आले. वर्नाचं डोकं दुखत होतं म्हणे.

कमोडोर समुद्राकडे पाठ करून उभे राहिले, हातात छडी, समोर फळा. आम्ही वाळूत बसलो, समुद्राकडे तोंड करून.

“नांगर नीट रुतला,” ते म्हणाले, “की बोट जागची हलत नाही.”

त्यांच्या खांद्यावरून वॉन्डररचं पुढचं शीड अलगद उलगडताना दिसलं. इंजिनाचा आवाज नाही, नांगर ओढायच्या यंत्राची घरघर नाही. आमच्यात वक्त्याला मध्येच तोडणं असभ्य समजतात.

“आता महत्त्वाचं. साखळीचं वरचं टोक बोटीला लोखंडी कडीने बांधायचं नाही. साध्या दोराने बांधायचं. का?”

“संकटात सुरीने कापता यावं म्हणून,” मी म्हणालो.

“शाबास! मग साखळी जाते, बोट वाचते. टोकाला तरंगता डबा बांधायला विसरायचं नाही, नंतर साखळी सापडते. माझ्या वर्नाला हे झोपेतही येतं.”

“येतं खरं,” युलाली टपरीतून म्हणाली. “वळून बघा, कमोडोर.”

ते वळले. जिथे वॉन्डरर असायची तिथे एक पिवळा डबा डुलत होता.

कमरेचा रेडिओ खरखरला. “हार्लन, हवामान काय म्हणतंय?”

“आग्नेयेचा...” सवयीने त्यांच्या तोंडून निघालं. “वर्ना! अगं वेडी झालीस? नांगर!”

“दुसरा आहे ना. दुसरा नांगर हवाच, हा तुझाच नियम. बंदराच्या तोंडापर्यंत सावकाश चालवते. यायचं तर ये. नाहीतर तुझे थर्मास युलालीकडे ठेवलेत.”

हे सगळं बंदर ऐकत होतं, कारण रेडिओ सगळ्यांच्या बोटीवर असतो. कमोडोरांनी फळ्याकडे पाहिलं, ढगांकडे पाहिलं. ढग नव्हते.

“माझा चष्मा बोटीवर राहिलाय,” ते आम्हाला म्हणाले. “तेवढा आणायला जातो.”

“नाकावर आहे तो कोणाचा?” युलालीने विचारलं.

“हा लांबचा. जवळचा तिथे आहे.” आणि छडीसकट ते रबरी होडीत बसले. बंदराच्या तोंडाशी आम्ही त्यांना चढताना पाहिलं. वर्नाने हात दिला, पण शीड उतरवलं नाही.

चष्मा घेऊन ते अजून परत आलेले नाहीत. हवामान आता कोणीच सांगत नाही. तरी वारा रोज वाईट असतो, हे आम्हाला आपोआप कळतं.

त्या दुपारी मात्र बंदरात भलतीच शांतता होती. जिकडे बघावं तिकडे नवरे बोटीच्या नाकात डोकं खुपसून साखळीचा दोर काढत होते आणि त्याच्या जागी लोखंडी कडी बसवत होते. मीही.

“काय चाललंय?” माझ्या बायकोने, मॉडने, विचारलं.

“देखभाल.”

“छान. घट्ट बसव हं,” ती म्हणाली. “आणि लोखंड कापायची करवत कुठे ठेवलीयेस, तेवढं सांगून ठेव.”