हळदीचा पिवळा

कडावच्या लग्नातली हळद ऋजुताने कॅमेऱ्याच्या 'लॉग' मोडमध्ये चित्रित केली होती. त्यात चित्र फिकं, राखाडी येतं; रंग नंतर खुलवायचे. ते खुलवताना नवरीचे वडील, चांगोकाका, फारच पिवळे दिसले. पाहुण्यांनी त्यांनाही हळद माखली असणार, असं समजून तिने पिवळा कमी केला.

महिन्याभरात काका काविळीने गेले.

आज त्यांची बायको, अंबूबाई, व्हिडिओ बघायला आली. "कसं तजेलदार दिसतायत गं! आजारी वाटतच नाय."

ऋजुताला राहवेना. तिने काढलेला पिवळा परत आणला. काकांचे डोळेसुद्धा पिवळे होते.

"मला तेव्हाच दिसलं होतं, काकू. मी हळद समजले."

अंबूबाईने पदर तोंडाला लावला. "लग्नानंतर चार दिस मी त्यांची पाठ घासत होते गं. हळद जायनाच."