नकाशात न काढलेली वाट

मे महिन्यात आयल्डन तलावावर सकाळी धुकं बसतं ते दहा वाजले तरी उठायचं नाव घेत नाही. हार्पर्स आर्म ही त्या तलावाची एक चिंचोळी फांदी. काठावर वीसेक घरं, होड्या उतरवायचा धक्का आणि अग्निशमन दलाचा पत्र्याचा हॉल. बाकी सगळा डोंगर, आणि डोंगरभर उंचच उंच निलगिरी. त्यांच्या सोललेल्या साली रस्त्यावर पडतात आणि सायकलच्या चाकाखाली कुरकुरतात.

दर गुरुवारी ग्वेन टॉलीला पोस्टातल्या कामाची सुट्टी असे. त्या दिवशी ती जाड चाकांची सायकल काढायची आणि मुरमाच्या रस्त्यानं धुक्यात शिरायची. खालचं गाव दोन वळणांत नाहीसं व्हायचं. मग तलावही जायचा. उरायचा फक्त चाकाखालच्या खडीचा आवाज, आणि तोही आपलाच की मागून कुणी येतंय त्याचा, हे तिला कळायचं नाही. कळून घ्यायची तिला घाईही नव्हती.

सात किलोमीटरवर वनखात्याचं गंजकं फाटक होतं. तिथं उतरून ती सायकलच्या दांडीवरचं यंत्र बंद करायची. हे यंत्र आपण गेलेली वाट टिपतं आणि घरी आल्यावर सगळ्या जगाला दाखवतं. ग्वेननं ते तिथं एकोणीस वर्षं न चुकता बंद केलं होतं.

कारण फाटकापलीकडची वाट तिची आणि लेसची होती. लेस तिचा नवरा. एकोणीस वर्षांपूर्वी तो लघवीला म्हणून झाडीत शिरला आणि अर्ध्या तासानं परत आला तो नवी वाट सापडल्याची बातमी घेऊन. पूर्वी डोंगरातलं लाकूड ट्रॉलीवर घालून खाली आणत, त्या रुळांची ती वाट. रूळ कधीच उपटून नेले होते, नेच्यांच्या मधून तेवढी एक सपाट पट्टी राहिली होती, अलगद चढणारी. वर एका मोठ्या खडकावर ती संपत असे, आणि खडकाखाली सगळा तलाव.

"ही नकाशात काढायची नाही," लेस म्हणाला होता.

ग्वेननं काढली नाही. एरवी ती सायकल मंडळाची वाटा काढणारी बाई. अकरा वाटा तिच्या हातच्या. कुठं पाणी मिळेल, कुठं चढ जीव खाईल, कुठल्या कुत्र्याला नावानं हाक मारली की तो गप्प बसतो, सगळं लिहिलेलं. एवढी एकच तिनं हातची राखली.

दोन वर्षांपूर्वी आधी लेसची फुप्फुसं गेली, मग लेस. त्यानंतर ग्वेन दर गुरुवारी एकटी वर जाऊ लागली. खडकावर बसून ती त्याला आठवड्याची हकिकत सांगे. पोस्टात कोण आलं, कुणाचं पार्सल फुटलं. धुक्यात समोरचा माणूस नाहीये हे दिसत नाही, त्यामुळं बरं पडायचं. मनगटात त्याचं मोठं काळं घड्याळ असे, सैल, कोपरापर्यंत घसरणारं.

सगळं असं सुरळीत चाललं असताना डॉटनं हॉलमध्ये विषय काढला.

डॉट पिम चौऱ्याहत्तर वर्षांची. हॉलची किल्ली, हॉलची चहाची मोठी किटली आणि हॉलमधली भांडणं, तिन्ही तिच्याच ताब्यात. इकडं हिवाळा जूनमध्ये सुरू होतो, आणि जूनच्या लांब सुट्टीनंतर डोंगरातली फाटकं हिवाळाभर बंद होतात. त्याआधीच्या शेवटच्या रविवारी मंडळाची मोठी फेरी असते, आणि फेरीतले सगळे दुपारी हॉलमध्ये भोपळ्याचं सूप आणि स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, खायला उतरतात. हार्पर्स आर्ममध्ये वर्षभरात माणसांचा आवाज होतो तो त्याच दिवशी.

"यंदा फेरी नाही," डॉट म्हणाली. "पालिकेचं पत्र आलंय. डांबरी रस्त्यावरच्या त्या सहा किलोमीटरची परवानगी नाही. गेल्या वर्षी होडीच्या ट्रेलरनं त्या पोराचा खांदा मोडला ना, तेव्हापासून त्यांची तंतरलीय."

"बरोबरच आहे त्यांचं."

"बरोबर आहे गं. मी कुठं म्हणतेय चूक आहे? पण मग मी सूप कुणाला पाजू? डोंगरातल्या वॉम्बॅट प्राण्यांना?" डॉटनं कपबशा पुसायच्या थांबवल्या. "वरनं एखादी वाट नसेल का? डांबर टाळून जाणारी?"

"नाही," ग्वेन म्हणाली.

डॉटनं तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. "नसेल तर नसेल," म्हणाली, आणि पुन्हा कपबशा पुसू लागली.

खोटं बोलून ग्वेन घरी आली, पण ते तिला पचेना. दुपारी ती संगणकावर बसली आणि दुसरी वाट शोधू लागली. सायकलवाल्यांचा एक नकाशा असतो. लोक जिथून जातात तिथं त्यात केशरी रेघ उमटते, जास्त गेले की ठळक, कमी गेले की फिकी. तिनं डोंगराचा एकेक पदर उलगडून पाहिला. फाटकापाशी आली आणि तिचा हात थांबला.

फाटकापलीकडं एक केशरी रेघ होती. फिकी, पण सरळ खडकापर्यंत गेलेली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणीतरी तिथं जात होतं. एकदा चुकून गेलेल्याची रेघ अशी दिसत नाही. हा कुणी नेमानं जाणारा होता. लेसच्या खडकावर बसून कुणीतरी सँडविच खात असेल, या कल्पनेनं तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी ती जवळच्या मोठ्या गावी, मॅन्सफील्डला गेली. फारूक हद्दादचं तिथं औषधांचं दुकान. तो मंडळाचा सचिव, आणि कोण कुठं फिरतो ते सगळं त्याला ठाऊक.

"फाटकाच्या पलीकडं कोण जातं?" तिनं विचारलं.

फारूकनं समोरच्या म्हाताऱ्याला खोकल्याचं औषध दिलं, तो बाहेर पडेपर्यंत वाट पाहिली आणि मग म्हणाला, "बस ना जरा."

"बसायला नाही आले मी. नाव सांग."

"ग्वेन, तुझ्या हातात घड्याळ कुणाचं आहे?"

"लेसचं. त्याचं काय?"

फारूकनं आपला फोन तिच्यापुढं ठेवला. वर लेसचा फोटो होता, नाकाला सनस्क्रीन फासलेला. खाली फेऱ्यांची यादी. लेस टॉली, गुरुवार, सकाळची फेरी. त्याखाली पुन्हा लेस टॉली, गुरुवार, सकाळची फेरी. तिनं बोटानं यादी सरकवली तर ती संपेचना.

"सायकल हलली की हे घड्याळ आपोआप वाट टिपायला लागतं," फारूक म्हणाला. "लेसनंच तसं लावून ठेवलं होतं, बटण दाबायचा कंटाळा म्हणून. घरी गेलीस की तेच सगळं पाठवून देतं. तो असताना फाटकाशी हेही बंद करत असणार. तू दांडीवरचं यंत्र बंद करतेस, पण हे तो गेल्यापासून कधी बंदच झालं नाही."

प्रत्येक फेरीखाली अंगठे होते. फेरी आवडली की सायकलवाले एकमेकांना अंगठा देतात. प्रत्येक गुरुवारखाली तीस, एकतीस, कधी चौतीस. सगळ्यांची नावं ओळखीची.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"आणि मूग गिळून बसलात? दोन वर्षं मी येडी फाटकाशी उतरून यंत्र बंद करतेय, आणि तुम्ही मजा बघताय?"

"मजा नाही गं." फारूक काउंटरवरच्या गोळ्यांच्या पाकिटांची चळत उगाचच सरळ करत होता. "पहिल्या गुरुवारी त्याचं नाव दिसलं तेव्हा मी फोन पालथा घातला. मग कळलं, तू आहेस. बंद कर म्हणून तुला सांगायला कुणाचा जीव होईना. लेस गुरुवारी फिरायला जातो, असंच आम्ही धरून चाललो."

ग्वेननं यादी पुन्हा वर सरकवली. तिनं एवढंच विचारलं, "कुणी गेलं का वर?"

"एकही नाही."

"मोह नाही झाला?"

"झाला ना. एवढी सुरेख वाट. पण तू ती काढली नव्हतीस. न काढलेल्या वाटेवर कसं जायचं?" मग त्यानं हलकेच विचारलं, "घड्याळातलं ते बंद करून देऊ?"

तिनं घड्याळ वर सरकवलं आणि त्यावर स्वेटरची बाही ओढली. "असू दे."

परत येताना तिनं गाडी तलावाच्या कडेला थांबवली आणि मनसोक्त रडून घेतलं. तिला वाटायचं आपण दोघंच आहोत वर, आपण आणि लेस. आणि चौतीस माणसं दर गुरुवारी फाटकाबाहेर थांबत होती, आवाज न करता. तिला लाज वाटली. त्याहून जास्त जाणवलं ते असं, की इतके दिवस आपल्याला फार एकटं वाटत होतं.

त्याच संध्याकाळी तिनं वाट काढली. हॉलपासून फाटक, फाटकापासून खडक, पुढं उतारानं धक्का. डांबराचा स्पर्श नाही. सायकलवाल्यांसाठी खाली सूचना लिहायच्या असतात, त्या लिहिल्या. फाटक जसं सापडेल तसंच ठेवावं. मधे ओलं खोड आडवं आहे, उतरून ओलांडावं. गुरुवारी कृपया येऊ नये.

शेवटची ओळ तिनं बराच वेळ वाचली. चहा गार झाला. गुरुवारी कुणी आलं तर लेसला आठवड्याची हकिकत कशी सांगायची, हा तिचा खरा प्रश्न होता. पण दोन वर्षं तिनं सांगितलेल्या हकिकतीला एकदाही हूं आलं नव्हतं, हेही खरंच होतं, आणि हे तिनं आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

तिनं ती ओळ पुसली. तिथं लिहिलं, गुरुवारी आलात तर खालून हाक मारा, मी वर असते. आणि विचार बदलायच्या आत पाठवून दिलं.

पुढच्या गुरुवारी ती खडकावर बसली तेव्हा धुकं नेहमीपेक्षा दाट होतं. तलाव नव्हता, झाडं नव्हती, तिचे गुडघे तेवढे होते. रविवारी माणसं येणार, असं तिनं लेसला सांगितलं. डॉटनं भोपळे आणलेत, पालिकेनं होकार दिलाय. मग सांगायचं संपलं. आपण उताराकडं कान लावून बसलोय हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

खाली कुणीतरी धापा टाकत होतं. सायकल ढकलत आणल्याचा आवाज, टोपलीत डबा आपटल्याचा आवाज.

"ग्वेन!" डॉट ओरडली. वीस वर्षांत ती सायकलवर बसली नव्हती, आणि आजही बसली असावी असं वाटत नव्हतं. "वर आहेस की मेलीस? दोन वर्षं हॉलच्या खिडकीतून तुला जाताना बघतेय मी. एवढा चढ आहे हे एका शब्दानं लिहायचं होतंस की गं! आता हे खोड मी कसं ओलांडू?"

"थांब," ग्वेननं हाक दिली. "तिथंच थांब, मी येते."

ती उठली आणि धुक्यात उतरू लागली.