एकोणीस सेकंद

"माझ्याकडे बघू नका मावशी. रोज भरता तशीच पाकिटं भरा," असं म्हणून पुनम मॅडमनी मोबाइलमधलं घड्याळ सुरू केलं.

कमलबाईने पाकीट उचललं. जळगावच्या या डाळमिलमध्ये ती चौदा वर्षं किलोची पाकिटं भरत होती. भरायचं, तोलायचं, सील करायचं. आजवर तिच्या हातांवर कुणी घड्याळ लावलं नव्हतं. मालकांनी मॅडमना पुण्याहून बोलावलं होतं. पाकिटाला किती सेकंद लागतात ते मोजायचं, संगणकात गणित मांडायचं आणि कमीत कमी बायांत रोजचा माल कसा निघेल ते काढायचं.

सकाळीच नूरबीने बाकीच्या दहाही जणींना पाण्याच्या टाकीजवळ गोळा केलं होतं. नूरबी सगळ्यांत जुनी. "सब मिलके हात धीमा रखो. एकीने जल्दी की, तो बाकी मरेंगे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कमलबाईनेही.

पण आता मॅडम समोर उभ्या होत्या. बाकीच्यांनी शब्द पाळलाच नाही तर? आपलाच हात सगळ्यांत मंद ठरला तर? पन्नाशी उलटलेल्या बाईला दुसरीकडे कोण उभं करणार? बघता बघता तिचे हात पळायला लागले. शेजारी नूरबी ठरल्याप्रमाणे सावकाश भरत होती. तिने एकदा मान वळवून पाहिलं.

"वा, एकोणीस सेकंद!" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, त्या गणितमा मनं नाव ऱ्हाई ना?" कमलबाईने विचारलं.

"गणितात नावं नसतात हो. फक्त वेळ."

शनिवारी वना मुकादमाने कागद वाचून दाखवला. पाकिटाला एकोणीस सेकंद धरले, तर आठजणी पुरत होत्या. हात सगळ्यांत मंद ठरले म्हणून जाणाऱ्या तिघींत नूरबी होती. राहिलेल्या आठजणींना सोमवारपासून तोच वेग ठेवायचा होता. कमलबाईचं नाव आठांत होतं, तरी तिला सुटल्यासारखं वाटेना. तो वेग तिचा नव्हताच, भीतीचा होता. रोज तो आणायचा कुठून?

संध्याकाळी फाटकाशी नूरबी बुरखा चढवत होती. कमलबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आपा, त्या दिवशी मना जीव घाबरी गयता..."

नूरबीने तिच्या कपाळावर चिकटलेला डाळीचा कोंडा बाहीने पुसला.

"तेरी बस जाएगी, कमल. चल, निकल."