वहिनींचं मशीन

दुसऱ्याच्या घरची मोडकी वस्तू दुरुस्त झालेली बघायला वहिनींना फार आवडायचं. दर आठवड्याला 'घरचा ठेवा' लागला की त्या हातातलं काम टाकून टीव्हीसमोर बसत. कुणाच्या आजोबांची पेटी, कुणाच्या आईचा आरसा, कुणाची तीन पायांवर उभी असलेली खुर्ची. कारागीर ती खटपट करून नवी करायचा, वरचं कापड ओढलं जायचं आणि मालक ढसाढसा रडायचा. वहिनीही रडायच्या. दुसऱ्याच्या खुर्चीवर रडायला आपलं काय जातं!

वहिनी म्हणजे तीन दिरांच्या आणि दोन नणंदांच्या वहिनी. पण ते नाव असं काही चिकटलं की शेजारीपाजारी, पेपरवाला, एवढंच काय, त्या जिथे काम करत त्या रोपवाटिकेचा मालकही त्यांना वहिनीच म्हणायचा. आई म्हणणारा एकच, तो खारू. लहानपणी घरभर खारीसारखा पळायचा म्हणून खारू. आता त्याला दारातून वाकून आत यावं लागतं, पण नाव काही बदललं नाही.

तर हा खारू एक दिवस म्हणाला, मागच्या खोलीतलं आजीचं शिवणाचं मशीन भंगारात देऊन टाकतो. वहिनी म्हणाल्या, दे बाबा. दोन माणसांनी ते उचलून टेम्पोत घातलं तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. सुटले एकदाची, असं त्यांना इतकं मनापासून वाटलं की त्यांनी त्या दिवशी दोनदा चहा केला.

हे मशीन त्यांच्या सासूबाईंचं. नवीन सुनेला सासूबाईंनी कपाटाच्या किल्ल्या दिल्या नाहीत, मशीन मात्र लगेच दिलं. आणि घरात मशीन आहे म्हटल्यावर काय विचारता! दिरांच्या पँटी, नणंदांच्या पोरांचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. शेजारणी यायच्या त्या 'एवढा एक टाका घालून द्या' म्हणत आणि पिशवीभर कपडे ठेवून जायच्या. वहिनींना नाही म्हणता यायचं नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. पाठ मोडायची, डोळे चुरचुरायचे, पण कपड्यांचा ढीग काही कमी व्हायचा नाही. त्यांना शिवणाचा मनापासून तिटकारा होता आणि हे घरात कुणालाही ठाऊक नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांना ओढ होती मातीची. चौकापलीकडच्या रोपवाटिकेत बाई हवी होती. त्यांनी भीत भीत विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, मशीन चालतंय तोवर बाहेरच्या कामाचं नाव काढू नकोस.

मशीन चालतंय तोवर. वहिनींच्या डोक्यात ते शब्द जे बसले ते बसलेच. एका दुपारी त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला, सुईखालची पत्र्याची पट्टी काढली, आत जिथे खालच्या दोऱ्याचं शटल फिरतं त्या खोबणीत मोडक्या सुईचं टोक ठोकून बसवलं आणि पट्टी होती तशी लावून टाकली. आता चाकाला एक जोराचा हिसडा दिला की काम फत्ते. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला. त्या स्वयंपाकघरात धावल्या. आणि शाळेतून नुकत्याच आलेल्या खारूने, ज्याला त्या चाकाला बोट लावायचीही बंदी होती, आईची पाठ वळलेली पाहून चाक गरकन फिरवलं.

आतलं काहीतरी कडाडलं. तुटलेला भाग कुठे मिळेना, ते मशीन बनवणारी कंपनीच बुडालेली. वडिलांनी खारूला सगळ्यांसमोर बडवलं. आजी पुढे कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नाही. वहिनी दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "जाऊ द्या, लहान आहे." खरं काय ते उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. मग परवा. मग त्या रोपवाटिकेत जायला लागल्या, हात मातीत गेले, पाठ ताठ झाली, आणि सांगायचं राहूनच गेलं. सासूबाई गेल्या त्याही नातवाला दोष देतच.

आता पुढची गंमत ऐका. भंगारवाला वगैरे काही नव्हताच. खारूने मशीन थेट 'घरचा ठेवा'वाल्यांकडे पाठवलं होतं. त्या लोकांची एक रीत होती. मालकाला आधी अक्षरही कळू द्यायचं नाही, कारागिराची आणि त्याची गाठ पडू द्यायची नाही. जे काही वाटायचं ते त्याला कॅमेऱ्यासमोरच वाटलं पाहिजे. एरवी कारागिराने फोन करून विचारलं असतं की बाई, ही सुई इथे कशी, आणि गोष्ट तिथेच मिटली असती.

खारूने आईवडिलांना चांगले कपडे घालायला लावून स्टुडिओत नेलं तेव्हा वहिनींना वाटलं, कार्यक्रम बघायला आलोय. पाटी घेतलेल्या एका मुलीने त्यांच्या कपड्याला माइक टोचला आणि त्यांना प्रेक्षकांत न नेता उजेडात नेऊन उभं केलं. समोर टेबलावर कापडाखाली काहीतरी होतं. तो आकार त्यांनी कापडावरूनच ओळखला.

कापड ओढलं गेलं. मशीन चकचकीत काळं, चाकाला नवा रंग. कारागिराने तुटलेला भाग स्वतःच्या हाताने घडवला होता. निवेदिकेने वहिनींचा हात धरून चाकावर ठेवला. चाक लोण्यासारखं फिरलं. वहिनींना रडू कोसळलं, अगदी खरं रडू, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग निवेदिकेने खारूला पुढे बोलावलं. एवढा धिप्पाड गडी, तो खाली मान घालून उभा राहिला.

"आई, हे मी मोडलं होतं," तो म्हणाला. "तुझं शिवण बंद पडलं ते माझ्यामुळे. तुला दुसऱ्याच्या दारात माती उकरायला जावं लागलं, तेही माझ्यामुळे. इतकी वर्षं मला ते खातंय."

वहिनींना वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. त्या रोपवाटिकेतल्या दिवसांसाठी जगत होत्या आणि हा पोरगा त्याच दिवसांचं ओझं वाहत होता! आता गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"तू नाही मोडलंस," त्या म्हणाल्या. "मी मोडलं. मुद्दाम मोडलं."

निवेदिकेचे डोळे भरून आले. ती कॅमेऱ्याकडे वळून म्हणाली, "बघितलंत? लेकराचा दोष आजही स्वतःच्या पदरात घेते ती आई." टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बोलायची सोय राहिली नाही. खारूने आईला मिठीत घेतलं. वहिनी त्याच्या छातीशी तोंड दाबलेल्या अवस्थेत सांगत होत्या की अरे, खरंच, सुईचं टोक मीच बसवलं होतं; पण माइक त्याच्या शर्टावर घासत होता. कुणीतरी ओरडून सांगितलं की मिठी छान झाली, एकदा डाव्या बाजूने घेऊ, बाई, तुम्ही डोळे पुसू नका.

डाव्या बाजूने मिठी मारताना वहिनींना कारागीर दिसला. त्याने ते टोक स्वतः उपसून काढलं होतं. तो त्यांच्याकडे पाहत होता, पण त्याला कुणी काही विचारलं नाही.

शेवटी वहिनींच्या यजमानांना दोन शब्द बोलायला सांगितलं. माणूस मनाचा चांगला, फक्त विचारायची सवय नाही. ते म्हणाले, हिचे गुडघे दुखतात, आता ती रोपवाटिका पुरे. ही घरी बसून आपलं आवडतं काम करेल. पुन्हा टाळ्या.

कार्यक्रम लागला आणि घरात जत्रा भरली. मशीन खिडकीपाशी मांडलं गेलं. नणंदा आल्या त्या कापडं घेऊनच आल्या. शेजारणींच्या सुना आल्या, आणि त्यांचेही टाके एवढेएवढेच होते. रोपवाटिकेचा मालक अभिनंदन करायला आला. म्हणाला, तुमच्या यजमानांचा फोन आला होता, तुमच्या जागी एक मुलगी ठेवलीय, काळजी करू नका. जाताना त्याने सावलीची फाटकी हिरवी जाळी ठेवली, तेवढी शिवून द्या म्हणून. वहिनी ती जाळी बराच वेळ नुसती हातात धरून बसल्या. तिला अजून ओल्या मातीचा वास होता.

त्यांनी यजमानांना सांगून पाहिलं. यजमान हसले, म्हणाले, टीव्हीवर म्हणालीस ते ठीक, आता मला कशाला सांगतेस. थोरल्या नणंदेला सांगितलं, तर तिने पदराने डोळे टिपले आणि तेच चार घरी सांगितलं. वहिनी जितकं खरं बोलत तितक्या थोर होत चालल्या होत्या. असल्या थोरपणाला काय जाळायचंय!

उरला खारू. त्याला एकट्याला बसवून नीट सांगायचं, पट्टी उघडून दाखवायचं, असं त्यांनी पक्कं केलं. तो ऐकेल. त्याने एकदा ऐकलं की मशीन मागच्या खोलीत जाईल आणि आपण रोपवाटिकेत. नवी मुलगी असेल तर असू दे, पाणी घालायला दोघी चालतात.

पण त्याआधी संध्याकाळी खारूच आला. कारागिराचे आभार मानायला म्हणून तो त्याच्याकडे गेला होता, तिथूनच सरळ आला होता. बसला नाही. वहिनी पडद्याला दुमड घालत होत्या, त्यांनी पाय थांबवला.

"आई, तो म्हणाला, आत सुईचा तुकडा होता. वरची पट्टी काढल्याशिवाय तो तिथे जाऊच शकत नाही. पोराचं काम नाही हे, म्हणाला."

घ्या! सांगायचे कष्टसुद्धा कुणीतरी वाचवले होते. आता फक्त हो म्हणायचं होतं. वहिनींनी मान वर केली आणि त्यांना लेकाचा चेहरा दिसला.

"मला बाबांनी मारलं तेव्हा तू दारातच होतीस," खारू म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "तुला ठाऊक असतं तर तू बोलली असतीस. बोलली असतीस ना?"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. वहिनींनी पडदा गुडघ्यांवर ओढून घेतला.

"म्हणजे काय? बोलले नसते का मी?" त्या म्हणाल्या. "त्या कारागिराला काय ठाऊक आपल्या घरातलं! चाक तूच फिरवलंस. तुझ्याच हातून मोडलं ते. पण आता झालं गेलं विसरून जा."

खारूचा जीव भांड्यात पडला. तो हसला, मनगटाने डोळे पुसून म्हणाला, मला वाटलंच होतं. मग त्याने पिशवीतून आपली नवी पँट काढून ढिगावर ठेवली. खालून दोन बोटं कमी करायची होती, सावकाश केली तरी चालणार होतं.