डावी दोन

घड्याळजींनी शर्टाचे आणि पँटचे खिसे चाचपले, चटईखाली हात घालून पाहिला, दुर्बिणीची पिशवी उलटी केली. कानात घालायचे पिवळे बोळे कुठेच नव्हते. मागे उभ्या असलेल्या दातांच्या डॉक्टरांनी आपल्या डोक्यावरचे हेडफोन काढून त्यांच्यापुढे धरले.

"हे घाला. नवीन आहेत. बार झाला की आपोआप बंद होतात, एरवी मुंगी चालली तरी ऐकू येते."

"मुंगीचं काय काम आहे इथे," असे म्हणत घड्याळजींनी ते कानावर चढवले. घड्याळदुरुस्तीच्या दुकानात दिवसभर बारीक आवाज ऐकणाऱ्या माणसाला ते लगेच मानवले. समोर बंदूक धरून पालथ्या पडलेल्या पुतणीचा श्वास त्यांना कानाशी लागल्यासारखा ऐकू आला.

देशाच्या संघात सगळे असेच होते. पोटापाण्याला प्रत्येकाचा वेगळा धंदा आणि सुट्टीच्या दिवशी बंदूक. दातांचे डॉक्टर, एक बेकरीवाले, दोन शिक्षक, कप्तान म्हणून पोस्टमास्तरबाई. बाकीच्यांच्या गोळ्या संपल्या होत्या. आता उरली होती शेवटची नेमबाज, घड्याळजींच्या धाकट्या भावाची मुलगी, आणि तिच्या पंधरा गोळ्या. यजमान संघ आपले काम आटोपून छत्र्यांखाली बसला होता. हिशोब लहान मुलालाही कळेल असा होता. पंधरांपैकी चौदा मधल्या काळ्या गोलात बसल्या तर ढाल आपली, तेरा बसल्या तर त्यांची. बावीस वर्षांत ढाल एकदाही या संघाच्या हाती लागली नव्हती.

निशाण हजार यार्डांवर. तेवढ्या अंतरात वारा गोळीला हातभर बाजूला नेऊन ठेवतो, म्हणून नेमबाजाच्या मागे एकजण दुर्बिणीला डोळा लावून बसतो आणि वारा सांगतो. बंदुकीच्या मागच्या टोकाला एक चकती असते. ती फिरवली की नेम खटक्याखटक्याने डावीउजवीकडे सरकतो. "डावी दोन," मागचा सांगतो. "डावी दोन," असे म्हणत नेमबाज दोन खटके फिरवतो आणि मगच गोळी झाडतो. सांगितलेले परत म्हणायचे आणि तेवढेच फिरवायचे, हा या संघाचा नियम. सांगितल्याबाहेर चकती फिरवेल तो संघाबाहेर, मग गोळी बरोबर मध्यात का लागेना. नियम घड्याळजींनीच केला होता.

आणि पहिल्यांदा लावला होता तो सख्ख्या भावाला. सतरा वर्षांपूर्वी धाकट्याची शेवटची गोळी मध्यात लागली, सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि तो वेडा हसत हसत म्हणाला, "दादा, तू दोन सांगितलीस, मी तीन लावली." तो हे बोलला नसता तर कुणाला पत्ताही लागला नसता. घड्याळजींनी सर्वांसमोर त्याची बंदूक कपाटात ठेवायला लावली. त्यानंतर धाकटा त्यांच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही. पाच वर्षांपूर्वी तो गेला. दिवस झाल्यावर त्याची मुलगी बापाची बंदूक घेऊन दुकानाच्या पायरीशी आली आणि म्हणाली, "काका, मला शिकवा." घड्याळजींनी डोळ्यावरचे भिंग काढले, पुसले, परत लावले आणि हो म्हणाले.

"सुरू करा," मागून कप्तानबाई म्हणाल्या.

घड्याळजींनी दुर्बिणीला डोळा लावला. तापलेल्या मैदानावर मृगजळ हलते, ते ज्या बाजूला वाहते त्या बाजूचा वारा. मैदानात वेळीअवेळी फडकणाऱ्या झेंड्यांवर भरवसा नाही, मृगजळ मात्र खोटे बोलत नाही. त्यांची आई म्हणायची, मृगजळामागे धावू नये बाबा. यांनी उभी हयात त्याच्याकडे बघण्यात घालवली. पण या हिवाळ्यापासून त्यांना दुर्बिणीत मृगजळ दिसत नव्हते. दुधात पाणी मिसळल्यासारखे काहीतरी दिसे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता. स्पर्धा होऊ द्या, मग बघू, म्हणून त्यांनी तो कागद दुकानाच्या खणात सरकवला. झाकली मूठ सव्वा लाखाची. हवामान खात्यातला एक तरुण राखीव म्हणून बसला होता, त्याला त्यांची जागा द्यायची म्हणजे आपण उरतो तरी किती, हे त्यांना कळत नव्हते.

"डावी एक," ते म्हणाले.

"डावी एक." बार. दूरवर निशाण खंदकात खाली गेले आणि भोकात पांढरी टिकली खोचून वर आले. गुण मांडणाऱ्या बाईंनी मागून सांगितले, "पाच."

दुसऱ्या गोळीला त्यांनी हळूच म्हटले, "आहे तसंच." टिकली काळ्या गोलाबाहेर आली. चार. एक गेली. आता एकही चुकायची सोय नव्हती. बेकरीवाल्यांनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला आणि मग कुणी हलले नाही.

तिसऱ्या गोळीला वाऱ्याचे झेंडे जरा उचललेले दिसले. किती, ते नीट कळेना.

"डावी दोन," ते ठासून म्हणाले.

"डावी दोन," पुतणी म्हणाली. आणि हेडफोनमध्ये खटके आले. एक. दोन. तीन.

घड्याळजींची पेन्सिल वहीवर थांबली. आपला कान वाजला असेल. पण बंद पडलेले घड्याळ नुसते कानाशी धरून कुठले चाक अडकलेय ते सांगणारा हा माणूस. कान वाजणे त्याला ठाऊक नव्हते. बार झाला. "पाच," बाई म्हणाल्या.

वहीत दोन रकाने असत. एक 'सांगितले', एक 'लावले'. बावीस वर्षांत, धाकट्याची ती एक गोळी सोडली तर, दोन्ही रकान्यांत कधी वेगळा आकडा पडला नव्हता. त्यांनी दोन्हीकडे दोन लिहिले.

"आहे तसंच," चौथ्याला ते मोठ्याने म्हणाले.

"आहे तसंच." आणि हातमोज्याखाली दाबलेला एक बारीक खटका. पाच.

पाचव्याला जेवढे सांगितले तेवढेच खटके. सहाव्याला एक जास्त. सातव्या, आठव्याला बरोबर. नवव्याला दोन कमी. प्रत्येक वेळी ती त्यांचे शब्द जसेच्या तसे म्हणे आणि प्रत्येक वेळी टिकली मध्यात येई. घड्याळजी दोन्ही रकान्यांत स्वतःचाच आकडा लिहीत राहिले. त्यांच्या कानशिलांत रक्त चढले होते. पिवळे बोळे कानात असताना हा खटका कधीच ऐकू आला नसता, हे तिला माहीत होते. मागच्या स्पर्धेत, त्याच्या आधीच्या स्पर्धेत, सगळ्यांनी त्यांचा हात हातात घेऊन म्हटले होते, वारा वाचावा तर तुम्हीच. त्यांनी ते खरे मानले होते. राग यायला हवा होता. आला नाही. आली ती लाज, आणि ती आजची नव्हती. सतरा वर्षांपूर्वी धाकट्याने दोनच लावली असती तर गोळी बाहेर गेली असती, हे त्यांना त्याच दिवशी कळले होते. सगळ्यांसमोर आपला वारा चुकला, तेवढ्यासाठी त्यांनी सख्ख्या भावाला वाऱ्यावर सोडले आणि त्याला नियम असे नाव दिले.

चौदा झाल्या. एक चार, तेरा पाच. शेवटची उरली आणि वारे फिरले.

जवळचे झेंडे डावीकडे, लांबचे उजवीकडे. मधल्या मैदानात काय चालले आहे, ते फक्त मृगजळाला माहीत. घड्याळजींनी दुर्बीण पुढेमागे केली. दूध आणि पाणी.

"काका, आकडा सांगा," पुतणी म्हणाली. घड्याळ चालू होते. गोळी झाडायला अर्धे मिनिटही उरले नव्हते.

त्यांनी दुर्बिणीवरून डोळा काढला.

"तुझ्या बापाचं ऐक," ते म्हणाले.

हे परत म्हणायची पद्धत नव्हती. तिची मान किंचित वळली आणि परत सरळ झाली. घड्याळजींनी डोळे मिटून घेतले. एक, दोन, तीन, चार खटके, उजवीकडे. मग श्वास थांबला. बार.

निशाण खाली गेले. खंदकातल्या माणसांनी फार वेळ लावला, निदान तसे वाटले. ते वर आले तेव्हा मागे बेकरीवाले "आई गं" एवढेच म्हणाले, आणि गुण मांडणाऱ्या बाईंनी सांगितले, "पाच."

मागे एकच गलका झाला. पुतणी बंदूक खाली ठेवून उठून बसली. तिच्या कोपरांवर चटईचे वळ उठले होते. ती त्या गलक्याकडे वळली नाही.

"कधीपासून ऐकताय?" तिने विचारले.

"तिसऱ्या गोळीपासून. डॉक्टरांचे हेडफोन आहेत हे." त्यांनी ते काढून मांडीवर ठेवले. "तू कधीपासून फिरवतेस?"

"हिवाळ्यापासून. आणि दरवेळी नाही. तुम्ही मोठ्याने सांगितलंत तरच."

"म्हणजे?"

"बाबा म्हणायचे, दादाला वारा दिसतो तेव्हा तो हळू बोलतो. दिसत नाही तेव्हा ठासून सांगतो. मग आपणच नेमाच्या काचेतून मृगजळ बघायचं आणि तेवढं लावायचं." तिने हातमोजा काढला. "आज दुसऱ्या गोळीला हळू बोललात. म्हणून ऐकलं."

घड्याळजी काही वेळ हेडफोनची तार बोटाला गुंडाळत राहिले. बापाने लेकीला रागावायला शिकवले नव्हते, काकाचा आवाज ओळखायला शिकवले होते.

"वही धर," ते म्हणाले. "तिसऱ्यापासून आकडे सांग. मी लिहितो."

"काका, नका. नियमानं मी संघाबाहेर जाईन."

"नियम मला पाठ आहे. सांग."

ती सांगत गेली, ते 'लावले'च्या रकान्यातला आपला आकडा खोडून तिचा लिहीत गेले. तिच्या आणि त्यांनी ऐकलेल्या खटक्यांत एकदाही फरक पडला नाही. पंधराव्या ओळीत 'सांगितले'चा रकाना त्यांनी रिकामा ठेवला. तोवर कप्तानबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू वही वाचता वाचता कमी झाले.

"हे काय आहे?"

"मी सांगितलेलं चूक. हिनं लावलेलं बरोबर."

"आणि तुमचा नियम?"

"त्यात एक ओळ लिहायची राहिली होती, बाई. वारा सांगणाऱ्याला दिसत असलं पाहिजे." घड्याळजींनी आवाज चढवला नाही. "मला हिवाळ्यापासून दिसत नाही. मी लपवलं. बाहेर व्हायचं ते मी. उद्यापासून तो हवामानवाला बसेल, पोरगा हुशार आहे. आणि धाकट्याला काढल्याचा तो जुना कागद असेल तुमच्या कपाटात. त्याच्यावरही मला लिहायचंय, तेव्हाचा वारा माझाच चुकला होता म्हणून."

कप्तानबाईंनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा पुतणीकडे पाहिले. तिकडे सगळे छायाचित्रासाठी हाका मारत होते. बाईंनी वही परत त्यांच्यापुढे ठेवली.

"खाडाखोड केलीत तर खाली सही लागते," त्या म्हणाल्या. पोस्टात तीस वर्षे काढलेल्या बाईंनी आपले पेन पुढे केले. "करा. मग सगळे मिळून जाऊ तिकडे."

घड्याळजींनी पेन घेतले. पांढऱ्या पानावर पातळ रेघ कुठे आहे ते ऊन पडल्यामुळे मुळीच कळेना. पेनाचे टोक कागदावर टेकले, उचलले, परत टेकले. पुतणी त्यांच्या बाजूला गुडघ्यांवर बसली आणि पानावर वाकली.

"इथं का?" त्यांनी विचारले.

"डावी दोन," ती म्हणाली. आवाज अगदी खाली होता.

"डावी दोन," घड्याळजी म्हणाले, आणि त्यांनी पेन तेवढेच सरकवले.